चपट्या नाकाची गोळी

माझ्या धाकट्या जावेनं, शालननं भरलेल्या तिसऱ्या काडतुसाचा बार झाला आणि देसायांच्या खळ्यावर जमलेली माणसं फणसाकडं पळाली. मी जागची हलले नाही. मला तिथूनच दिसत होतं. फणसाच्या बुंध्यावर चुन्याचे दोन ठिपके काढले होते, डावा माझा आणि उजवा तिचा. माझ्या ठिपक्याभोवती तीन भोकं पडली होती, पण ती झाकायला गड्याचा पंजा लागला असता. तिच्या भोकांवर आप्पा देसायांनी खिशातला बंदा रुपया काढून ठेवला, तर तिन्ही भोकं त्याच्याखाली गेली.

"ह्या सालच्या पारधीला शालनची काडतुसं," आप्पा म्हणाले.

बास, एवढंच. पण माझ्या पोटात कुणीतरी विस्तव ठेवला. कशाला खोटं बोलू? आता ऐंशी सरली माझी, खोटं बोलून काय पदरात पडायचंय.

आम्ही शिरसोळीचे लोहार. शिरसोळी म्हणजे घाटमाथ्यावरचं गाव, तीन बाजूंनी रान. विळे, फाळ, कुदळी हे तर होतंच, पण आजूबाजूच्या सहा गावांच्या लायसनच्या बंदुकाही आमच्याच घरात दुरुस्तीला यायच्या. लोखंडाचं काम बाप्यांनी करायचं आणि काडतुसं बायकांनी भरायची, असा आमच्या घरचा रिवाज. दारूला थंड हात लागतो, बाप्याचा हात तापट, असं सासू म्हणायची. स्वतः ती इतकी तापट होती की भाता तिला घाबरायचा, ते सोडा.

शिमग्याला गावाची पारध निघायची. तेव्हा शिकारीला बंदी नव्हती, आणि डुकरांनी भात, नाचणा, ऊस काही म्हणजे काही ठेवलेलं नसायचं. ज्याच्या गोळीनं पहिलं डुक्कर पडेल त्याची बायको देवळाच्या पायरीवर सगळ्या गावासमोर काडतूस भरणारीची ओटी भरायची. खण, तांदूळ, नारळ, आणि नारळाच्या उरावर उडालेल्या काडतुसाची ती रिकामी पितळी पुंगळी. पुंगळी पुढल्या साली भरायला परत यायची आणि नारळ मानाचा.

मला लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. गावात कुणाचं डोहाळजेवण असलं की मला बोलावणं उशिरा यायचं, नाहीतर यायचंच नाही. समोर आले तर बायका पोरांना कडेवरून पदराआड घ्यायच्या. वर्षातनं एकदा मात्र, शिमग्याला, पहिलं डुक्कर आप्पांच्या गोळीनं पडलं की देसाईणबाई माझी ओटी भरायच्या आणि त्याच बायका टाचा उंचावून बघायच्या. पाच सालं झाली होती, पाच नारळ. एकही मी फोडून खाल्ला नव्हता. फडताळात वरच्या फळीवर ओळीनं ठेवले होते, आतलं खोबरं सुकून खुळखुळायला लागलेले.

आणि ही शालन घरात येऊन दीड वर्ष झालं नव्हतं, तर पाचवा महिना लागलेला. माझ्या धाकट्या दिराची, मारुतीची बायको. बेळगावची. तिचा बाप तिथं बंदुकीच्या दुकानात कामाला होता, त्यामुळं पोरीला दारू-गोळ्यातलं सगळं ठाऊक. रुखवतात लाडू-करंज्यांच्या जोडीला सोनाराचा असतो तसला नाजूक ताजवा घेऊन आली होती. मी दारू मोजायची सासूच्या शिंगाच्या चमच्यानं, वरून काडीनं सपाट करून. ही ताजव्यात तोलायची, कण कण बघायची. बरं, भांडखोर असती तर परवडलं असतं, जावाजावा उभा दावा म्हणतात तसा दोन हात करून मोकळे झालो असतो. ही उलट आक्का, आक्का करत मागं मागं. मला तिचं चांगलं वागणंसुद्धा सोसत नव्हतं.

दिवाळीत तिनं माझ्याकडं गोळ्यांचा साचा मागितला होता. शिसं वितळवून ओतायचा सासूचा लोखंडी साचा, मरताना तिनं माझ्या हातात दिलेला. मी म्हटलं, साचा एकच आहे, मोडला तर कुठून आणायचा? मोडतोय कशाचा, घणाखाली घातला तरी मोडला नसता. पण ती हो म्हणाली आणि गप्प बसली. मग तिनं बापाला पत्र टाकलं आणि बापानं पार्सलनं गोळ्या धाडल्या.

तेव्हापासून आप्पांच्या कानी मी तीन वेळा लागले होते. पहिल्यांदा सांगितलं, ताजव्यानं भरलेलं काडतूस रानात चालत नाही, हवेनं दारू फुगते. दुसऱ्यांदा, परगावच्या गोळ्या आपल्या देवाला चालायच्या नाहीत. तिसऱ्यांदा, पोटुशी बाईनं दारूला हात लावू नये. आप्पा नुसते मिशीत हसले. मग म्हणाले, भांडण कशाला, दोघींची तीन तीन काडतुसं फणसावर उडवून बघू. तेच हे बघणं झालं होतं.

माणसं रुपयाभोवती गोळा झाली होती तेव्हा मी शालनच्या फडक्यापाशी गेले. तिनं नऊ काडतुसं आणली होती. तीन उडाली होती, सहा पारधीसाठी राहिली होती. काय असं सोनं लावलंय बघू तरी, म्हणून एक उचललं.

तांब्याच्या रंगाची गोळी होती, तुकतुकीत. आणि तिला टोक होतं. दाभणासारखं टोक.

मी ते उन्हाकडं धरून परत बघितलं.

आता आप्पांच्या बंदुकीचं सांगायला पाहिजे. त्यांच्या वडलांनी ती कुणा साहेबाकडून घेतलेली, तसली बंदूक पंचक्रोशीत दुसरी नव्हती. चापाभोवती लोखंडाचं मोठं कडं. बार झाला की ते कडं हातानं खाली ढकलून वर ओढायचं, मग रिकामी पुंगळी बाहेर उडायची आणि नवं काडतूस आत चढायचं. आवाज यायचा खट-खट, म्हणून गाव तिला खटखटी म्हणायचं. तिच्या नळीच्या खाली दुसरी एक नळी असते आणि तीत सहा काडतुसं एकामागं एक आडवी बसतात, मुंग्या चालतात तशी. मागच्या काडतुसाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. आणि बुडात काय असतं? टोपी. जिच्यावर ठोका बसला की दारू पेटते ती टोपी.

सासूनं मला साचा दिला तेव्हा त्यातली गोळी दाखवून विचारलं होतं, हिचं नाक चपटं का? मला काय माहीत. मग तिनं आपल्या भावाची गोष्ट सांगितली. कुणा साहेबाच्या तळावर तो असल्याच बंदुकीत टोकाच्या गोळ्या भरून बसला होता. पहिला बार केला, बाराच्या धक्क्यानं मागच्या गोळीचं टोक पुढच्या टोपीवर आदळलं आणि अख्खी खालची नळी हातात फुटली. डाव्या हाताची तीन बोटं गेली, आणि शेजारी बसलेल्या माणसाचा डोळा गेला. साचा ज्याच्या हाती त्यालाच हे सांगायचं, असं सासूनं बजावलं होतं. धंद्याची गोष्ट, चारचौघांत कशाला?

शालनच्या बापाच्या दुकानातल्या रायफलींत काडतुसं पोत्यांसारखी थप्पी लावून एकावर एक बसायची. तिथं टोक चालतं. खटखटीत सहा भरताना तिनं कधी बघितलंच नव्हतं. फणसावर आप्पांनी एक एक काडतूस वरून घालून बार केले होते, त्यामुळं काही झालं नाही. उद्या रानात ते सहा भरणार होते.

एका क्षणात हे सगळं माझ्या डोक्यात उभं राहिलं. मी हाक मारली, "आप्पा..."

"आता आणि काय निघालं, येसूबाई?" आप्पा लांबूनच म्हणाले आणि खळ्यावरची माणसं हसली. माझा नवरा सुबराव तेवढा खाली बघत राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शालन माझ्याजवळ आली. माझ्या हातातलं काडतूस बघून हळूच म्हणाली, "आक्का, काही चुकलं का?"

खरंच विचारत होती. तोंडावर घाम, डोळे मोठे, एक हात पोटावर. मी त्या हाताकडं बघितलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चकाकतात छान."

आणि काडतूस परत फडक्यावर ठेवलं.

घरी येताना मी मनाची समजूत घालत होते. फुटेलच असं कुठंय? सासूच्या भावाचं फुटलं म्हणून सगळ्यांचं फुटतं का? आणि फुटलं तर फुटलं, जिनं भरलं तिला विचारतील. आप्पांचा हात जरा भाजेल, हिचं नाव जाईल, सुंठेवाचून खोकला जाईल. असं सगळं माझ्या मनात आलं. त्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापल्या, त्या एकसारख्या गोल झाल्या, हे मला अजून आठवतं. शालननं त्यांचं कौतुकही केलं.

सकाळी ढोल वाजले आणि पारध निघाली. काडतूस भरणारीनं पारध परत येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, असा नेम होता. पाच सालं उंबऱ्याच्या आत घोंगड्यावर मी बसले होते. त्या दिवशी तिथं शालन बसली होती, नवी साडी नेसून. मी बाहेर अंगणात राख चाळत बसले. बसायला काही काम पाहिजे ना.

 मग तीच म्हणाली, नारळ मिळाला तर तो ती घेणार नव्हती. देसाईणबाईंना तिनं सांगून ठेवलं होतं की ओटी आधी आक्कांची भरा. मला चीड आली. म्हटलं, मला कुणाचं दान नको. तुझा मान तुला लखलाभ. ती कशी कोण जाणे, पण दुखावली नाही. पोटावरचा पदर नीट करत म्हणाली, "आज हे आप्पांच्या शेजारी बसणार आहेत. बायकोची काडतुसं म्हणून आप्पांनी शेजारी बसायचा मान दिला. पहाटेपासून नाचतायत नुसते."

मी चाळण खाली ठेवली.

मारुती. मी लग्न होऊन आले तेव्हा नऊ वर्षांचा होता. सासू भट्टीपाशी, तर पोर माझ्याच अंगावर. त्याच्या उवा मी काढल्या, गोवर आला तेव्हा मी बसून राहिले, शाळेतून पळून आला तर लपवला मी आणि सासूच्या शिव्या खाल्ल्या मी. मला वहिनी म्हणायचा, पण झोपेत कधीकधी आई म्हणायचा. दरसाल तो हाकाऱ्यांत असायचा, डोंगराच्या पलीकडं, ढोल बडवत. ह्या साली तो बंदुकीला खेटून बसणार होता. ज्या जागी बसलेल्या माणसाचा डोळा गेला होता, त्या जागी.

मी उठले. शालननं विचारलं, कुठं निघालात? मी अंगण ओलांडलं. तिला उठता येत नव्हतं, उंबरा होता. मला उंबरा नव्हता. त्या साली काडतुसं माझी नव्हती म्हणून माझे पाय मोकळे होते, हे चालता चालता माझ्या ध्यानात आलं.

आप्पांची जागा जांभळीच्या चढाला, दोन धोंड्यांच्या मध्ये. गावापासून अर्ध्या कोसावर. साडी गुडघ्यापर्यंत खोचून मी धावत सुटले. करवंदीनं पोटऱ्या फाटल्या. डोंगरापलीकडून ढोल आणि हाकाऱ्यांची बोंब ऐकू यायला लागली होती. हाका सुटला होता. म्हणजे आप्पा काडतुसं भरत असणार.

मी चढ चढून वर आले तेव्हा आप्पा सहावं काडतूस अंगठ्यानं आत ढकलत होते. मारुती त्यांच्या डाव्या हाताला उकिडवा बसला होता, तोंडभर हसू घेऊन. मला बघून ते हसू गेलं.

"वहिनी? घरी काही झालं का? शालनला..."

"शालन बरी आहे. आप्पा, काडतुसं बाहेर काढा. टोकाच्या गोळ्या आहेत त्या. ह्या बंदुकीत चालत नाहीत. नळी फुटंल."

आप्पांनी कपाळाला हात लावला. दबक्या आवाजात, पण चिडून म्हणाले की बाईमाणसानं पारधीच्या रानात यायचं नसतं हे पण विसरलीस का. हवा झाली, देव झाला, पोटुशी झाली, आता टोक काढलंस. मी त्यांना टोपीचं सांगितलं, सासूच्या भावाचं सांगितलं. धापा लागल्या होत्या, शब्द मागंपुढं होत होते. आप्पा म्हणाले, तीस वर्षं ही बंदूक माझ्या खांद्याला आहे, मला कुणी हे सांगितलं नाही ते? खरंच होतं. तीस वर्षं आमच्या घरच्या चपट्या गोळ्यांशिवाय दुसरी गोळी त्यांनी घातलीच नव्हती, मग कळणार कुठून?

मारुती उठून माझ्यासमोर आला. 

"वहिनी, तिचं एवढं एक तुम्हाला सहन होईना? कालच तिनं तुमच्यासाठी नारळ मागितलाय देसाईणबाईंकडं. आणि तुम्ही इथं..."

हाका जवळ येत होता. खाली कारवीत काहीतरी जड धावल्यासारखा आवाज झाला. आप्पांनी मला हातानं बाजूला सारलं आणि बंदूक खांद्याला लावली. मारुती पुन्हा त्यांच्या डावीकडं बसला.

मी लांडगा आला रे म्हणून तीनदा ओरडले होते. चौथ्यांदा खरा आला होता, तर ऐकायला कोण? त्यांचा इलाज नव्हता. माझ्या पोटात काय जळतंय ते अख्ख्या गावाला दिसत होतं, मग माझ्या तोंडातून निघालेलं सगळं त्याचाच धूर वाटणार. मी कुणाचीही शपथ घातली असती तरी ती खोटीच ठरली असती.

मग मी खरं बोलले.

"मला काल कळलं होतं," मी म्हटलं. "खळ्यावर. काडतूस हातात घेतलं तेव्हाच. शालननं विचारलं, आक्का काही चुकलं का. मी मुद्दाम नाही म्हटलं. फुटू दे म्हटलं. आप्पांचा हात गेला तरी चालंल, पण हिचं नाव जाऊ दे, असं म्हटलं मी मनात. भाऊजी शेजारी बसणार हे मला ठाऊक नव्हतं. आज कळलं नसतं तर मी आले नसते."

आप्पांनी बंदूक खांद्यावरून खाली घेतली.

असं स्वतःबद्दल कुणी खोटं बोलत नाही. ते त्यांना पटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. मग नळीचं तोंड वर धरून त्यांनी कडं खाली ढकललं आणि वर ओढलं. खट-खट. खट-खट. एक एक करून सहा काडतुसं पाल्यावर पडली. आप्पांनी ती उचलून उन्हात धरली, बुडाकडून. एकाच्या टोपीवर बारीक टिंब उमटलं होतं, सुईच्या टोकाएवढं. नुसतं भरताना दाबल्यानं. अजून बार झालाच नव्हता.

मारुतीनं वाकून ते टिंब बघितलं आणि तो बंदुकीपासून हातभर मागं सरकला.

बोलायला वेळ नव्हता. आप्पांनी टिंबाचं काडतूस खिशात घातलं, दुसरं एक घेतलं आणि वरून एकटंच आत बसवलं, फणसापाशी बसवलं होतं तसं. पाचच पळांत कारवी फाटली आणि डुक्कर बाहेर आलं. नर होता, मानेवर केस उभे. आप्पांनी एकच बार केला. डुक्कर चार पावलं गेलं आणि तोंडघशी पडलं. दुसऱ्या गोळीची गरजच लागली नाही. शालनची गोळी होती ती, रुपयाखाली झाकणारी.

हाकारे ओरडत खाली उतरायला लागले. ते यायच्या आत आप्पा माझ्याकडं वळले.

"हे आपल्या तिघांत राहील," ते म्हणाले. "सुबरावला पण सांगायचं नाही. पण येसूबाई, तुझ्या हातचं काडतूस ह्या बंदुकीत परत नको. आणि तो साचा आज तिला दे."

मी मान हलवली. माणसं वर यायच्या आत मी मागच्या वाटेनं उतरले. मारुती माझ्याकडं बघत नव्हता.

संध्याकाळी देवळाच्या पायरीवर देसाईणबाईंनी ताट आणलं. शालननं सांगितल्याप्रमाणं त्या आधी माझ्याकडं वळल्या. मी पदर पुढं केला नाही. म्हटलं, ज्याच्या हातचं काडतूस त्याचीच ओटी, रिवाज मोडायचा नाही. गावातल्या बायका एकमेकींकडं बघून हसल्या, जळकी ती जळकीच म्हणाल्या असतील. शालनची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ, वर पुंगळी. तिच्या ओटीत तसं आधीच सगळं होतं, असं मला वाटून गेलं. एवढं सगळं होऊनसुद्धा वाटून गेलं. मत्सर असा एका दिवसात जात नाही हो.

घरी आल्यावर मी साचा तिच्यापुढं ठेवला. सांगितलं, ह्या बंदुकीला चपट्या नाकाचीच गोळी लागते, आणि का लागते तेही सांगितलं. काल का नाही सांगितलंत, असं ती विचारील म्हणून मी वाट बघत होते. तिनं विचारलं नाही. साचा कपाळाला लावला आणि आत गेली.

पुढं आठ सालं तिनं काडतुसं भरली. मग कायदा आला आणि पारध बंद झाली. त्या आठ सालांत आप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं नाही, पण कधी बंदुकीचा विषय माझ्यासमोर काढला नाही. शालनला तीन पोरं झाली. थोरली माझ्याच अंगावर वाढली. नारळ मात्र दरसाल तिचा. आणि दरसाल शिमग्याच्या आदल्या दिवशी ती भरलेली काडतुसं फडक्यावर मांडून माझ्यासमोर आणून ठेवायची आणि तेच विचारायची, "आक्का, काही चुकलं का?"

 हिला काही ठाऊक नाही, साधेपणानं विचारते, आणि नेमकं ज्या जागी दुखतं तिथंच बोट ठेवते, असं वाटायचं. मी एक एक काडतूस उचलून बघायची. नाक बघायची, बूड बघायची. एका साली एक टोपी जरा उचललेली सापडली, ते काडतूस मी बाजूला काढायला लावलं. बाकी सालं काही चुकलेलं नसायचं. काही नाही, असं मी म्हणायची, तेच खळ्यावरचे दोन शब्द.

गेल्या थंडीत मारुती भाऊजी गेले. तेराव्यानंतर आम्ही दोघी म्हाताऱ्या परसात ऊन खात बसलो होतो. घरात आता आम्हीच जुन्या. मला राहवलं नाही. म्हटलं, शालन, तुला एक सांगायचं राहिलंय साठ वर्षांपूर्वीचं. त्या शिमग्याचं.

"खळ्यावरचं ना?" ती म्हणाली. "ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं मला. देवळातून आल्यावर, पाय धुताना."

 ती शेंगा निवडत होती, हात थांबला नाही.

"मग दरसाल मला काडतुसं का दाखवत होतीस?" मी विचारलं. "मला? मी सगळं बघून गप्प बसलेली बाई."

"म्हणून तर," शालन म्हणाली. "गावात बघून ओळखणारी तुम्हीच एक होता. एकदा विचारलं, तर तुम्ही काही नाही म्हणालात. म्हटलं, आपण विचारत राहावं. कधीतरी खरं सांगतील. त्या उचललेल्या टोपीचं सांगितलंत की नाही?"

एवढं बोलून तिनं सूप माझ्याकडं सरकवलं, निम्म्या शेंगा मी निवडाव्यात म्हणून.

तिच्या पोटाचा हेवा केला मी, ताजव्याचा केला, नऊ नारळांचा केला. ते सगळं कधीच विझलं. पण माझ्या जागी ती असती आणि तिच्या जागी मी, तर मला हे जमलं नसतं. दुसऱ्याच दिवशी मी तिला झिंज्या धरून अंगणात काढलं असतं. ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि तिच्या ह्या मनाचा हेवा मी अजून करते. मी सूप मांडीवर घेतलं आणि शेंगा निवडायला लागले.